यंदाची सहल जवळच काढा: मुख्याध्यापकांना आणि सहलप्रमुखांना एका निवृत्त एसटी चालकाचं खुलं पत्र

प्रति,
सर्व मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख,
सांगली जिल्हा

विषय: पाचवी ते सातवीची सहल एका दिवसाची आणि दोन बागांची काढण्याबाबत.

स. न. वि. वि.

नोकरीत असताना मी दोनच प्रकारचे कागद लिहिले. एक रजेचा अर्ज आणि दुसरा 'मागील काच फुटल्याबाबत' खुलासा. त्यामुळे पत्रात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या. आत्ताच लिहितोय, कारण दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या शाळांत सहलीच्या बैठका सुरू होतात. एकदा मार्ग ठरून डेपोत पैसे भरले, की मग कुणी कुणाचं ऐकत नाही.

पंचवीसहून जास्त वर्षं मी गाडी चालवली. त्यातले बहुतेक डिसेंबर-जानेवारी प्रासंगिक करारावर गेले. प्रासंगिक करार म्हणजे अख्खी एसटी भाड्यानं देणं, त्यात निम्मी लग्नाची वऱ्हाडं आणि निम्म्या शाळेच्या सहली. वऱ्हाड परवडलं, असं आम्ही चालक आपसांत म्हणायचो, कारण वऱ्हाड निदान वेळेवर जेवायला घालतं. (चेष्टा आहे, बाईंनी रागावू नये. तुमच्या मुलांच्या डब्यातली चटणी-भाकरी मी हक्कानं खाल्लेली आहे.)

तुमचा ठरलेला फेरा मला पाठ आहे. रात्री अकराला शाळेच्या मैदानातून नारळ फोडून निघायचं. मग प्रतापगड, महाबळेश्वर, रायगड, अलिबाग आणि शेवटी बक्षीस म्हणून पाण्याच्या खेळांचं एखादं पार्क. सातशे-आठशे किलोमीटर, दोन रात्री गाडीत. तुम्ही पुढच्या सीटवर असता, तुम्हाला मागचं दिसत नाही. मला आरशात दिसतं. पहिले दोन तास गाणी. तिसऱ्या तासाला पहिली उलटी, तिचा वास आला की दुसरी आणि तिसरी. मग सगळी गाडी माना टाकून झोपलेली. गडाच्या पायथ्याला निम्म्या पोरांना हलवून उठवावं लागतं. वर जातात आणि घाईघाईनं उतरतात, कारण पुढचं ठिकाण गाठायचं असतं. एकदा रायगडावरून आलेल्या एका पोराला मी विचारलं, "काय काय बघितलंस रे?" तो म्हणाला, "रोपवेची रांग."

गडांना माझा विरोध नाही. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन जा, चांगले पायऱ्यांनी चढवा, एक गड नीट दाखवा. माझं म्हणणं लहान वर्गांपुरतं आहे. त्यांना एकाच दिवसात, पहाटे निघून उजेडी परत, दोन बागा दाखवा. पहाटे सागरेश्वर अभयारण्य आणि परतताना सांगलीतली आमराई.

"आमराई? ती तर आमच्या रस्त्यावर आहे," असं म्हणणार आहात. ठाऊक आहे. म्हणूनच तर ती कुणी दाखवत नाही.

आधी सागरेश्वरचं सांगतो, कारण तिथं मी सहल बिघडलेलीही बघितली आणि जमलेलीही.

सांगलीहून पलूस-कुंडलवरून ताकारीला यायचं आणि देवराष्ट्र्याकडे घाट चढायला लागायचं. पन्नासेक किलोमीटर झाले. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, आजोळी जन्मले ते, १९१३ साली. सहलीत इतिहास हवाच असेल तर तो इथंच वाटेवर आहे, वेगळी रात्र काढायची गरज नाही. सागरेश्वराची जुनी मंदिरं आहेत, श्रावणी सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरात मात्र शांत.

सुमारे १० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. त्याच्या आधी हे डोंगर बोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लावली गेली, कुंपण झालं, पाणवठे बांधले, चितळ-सांबर-काळवीट आणून सोडले. तुमच्या पुस्तकात जंगल म्हणजे आपोआप वाढलेलं असं लिहिलेलं असतं. हे माणसांनी वाढवलेलं जंगल आहे, आणि तेही आपल्या दुष्काळी पट्ट्याच्या तोंडावर.

आता बिघडलेली सहल. दोन गाड्या, नव्वदच्या आसपास मुलं, गेटवर उतरल्या उतरल्या घोषणा, तीन शिक्षकांच्या गळ्यात तीन शिट्ट्या. प्रत्येकाच्या हातात कुरकुऱ्याचं पाकीट. तासाभरानं सगळी परत आली तेव्हा चेहरे पडलेले. एका मुलीला मोराचं शेपूट दिसलं होतं, तेही झुडपात जाताना. शाळेचं नाव सांगत नाही. सहलप्रमुख वनरक्षकावर चिडले. म्हणाले, "आम्ही तिकीट काढलंय. प्राणी कुठं ठेवलेत?" तो बिचारा म्हणाला, "ठेवलेले नाहीत गुरुजी. राहतात."

जमलेली सहल पुढच्याच वर्षीची. मिरजेकडची छोटी शाळा, एकच गाडी, चाळीसेक मुलं. त्यांच्या पीटीच्या सरांचा स्नेहसंमेलनाच्या तालमीत घसा इतका बसला होता की तोंडातून नुसती हवा यायची. शिट्टी कुणीतरी घरी विसरलेलं. सर गाडीतच खुणेनं म्हणाले, माझ्या हाताकडे बघा. हात वर म्हणजे थांबा, खाली म्हणजे बसा. पोरांना तो खेळच वाटला. मी एरवी गाडीतच ताणून द्यायचो. त्या दिवशी मागून मुलं मोजत यायला माणूस कमी पडत होता, म्हणून सरांनी मलाही खुणावलं. सहली सोडायला मी तिथं कितीदा तरी गेलो असेन, पण गेटच्या आत पाय पहिल्यांदा तेव्हा ठेवला.

वाटेवर धूळ होती आणि धुळीत खूर उमटलेले. वनरक्षकानं काडीनं दाखवलं, हा चितळाचा, हा मोठा सांबराचा. पोरं गुडघ्यावर बसून बघायला लागली. मग लेंड्या सापडल्या. 'शी' म्हणणारी पहिली मुलगीच नंतर सगळ्यांना लेंड्या दाखवत पुढं चालली होती. गवत पिवळं पडलेलं, बोरींना बोरं लागलेली. तोडायला हात गेले की सरांचा हात हलायचा, आणि हात मागं यायचे. एवढी चाळीस पोरं चालताना मला नुसता चपलांचा आवाज ऐकू येत होता. आयुष्यभर इंजिनावर बसलेल्या माणसाला अशी शांतता कानात दुखते, खरं सांगतो.

पाणवठ्याच्या अलीकडं सरांनी हात वर केला. पंधराएक चितळं होती. एकानं मान वर करून आमच्याकडं बघितलं, पाय आपटला, आणि तरी गेलं नाही. मला वेळ बघायची सवय आहे, म्हणून घड्याळ बघितलं. सात मिनिटं. सात मिनिटं चाळीस मुलं एका जागी उभी होती, आणि एकानंही "सर, पाणी" म्हटलं नाही. मग कुणाला तरी शिंक आली. चितळांनी शेपट्या वर केल्या, पांढरं काहीतरी लकाकलं आणि समोर नुसती झुडपं उरली.

शिंकणाऱ्याला गाडीत पुढचा आठवडाभर पुरेल इतकं ऐकून घ्यावं लागलं.

नंतर वर डोंगराच्या कडेला गेलो. तिथून खाली कृष्णाकाठ उघडा पडतो. ऊस, मधे मधे द्राक्षबागांचे चौकोन, नदी. सरांचा आवाज नव्हता, म्हणून भूगोलाचा तास मी घेतला. मला भूगोल एसटीच्या मार्गांवरून येतो. म्हटलं, इकडं पश्चिमेला शिराळा. पावसाळ्यात तिकडं गाडी घातली की वायपर थांबत नाही, आणि लोक भात लावतात. तिकडं पूर्वेला जत-आटपाडी. त्या गाडीच्या टपावर मी उन्हाळ्यात पाण्याचे कॅन नेलेत. आणि तुम्ही उभे आहात ते या दोन्हींच्या मधे. एका मुलानं विचारलं, "मग पाऊस कुठं संपतो, काका?" मी म्हटलं, ते सरांना विचार. सरांनी हात खाली केला. म्हणजे बसा.

उतरताना एक भानगड झाली, आणि ती मला हरणांपेक्षा महत्त्वाची वाटते. एका मुलीचं आजोळ त्याच बाजूच्या गावात. ती म्हणाली, "हरणं छान आहेत, पण कुंपण तुटलं की ती मामाच्या रानात येतात आणि शाळू खातात." लगेच दोन तट पडले. एक म्हणे, त्यांना भूक लागते. दुसरा म्हणे, मग मामानं काय खायचं? वनरक्षक मधे पडला. तो म्हणाला, कुंपण दुरुस्त करतो आम्ही, पण रान वाळलं की जनावर हिरवं बघून जाणारच. घाट उतरेपर्यंत भांडण चाललं होतं. निकाल लागला नाही. मला तर वाटतं, सहलीच्या निबंधात 'आम्ही खूप मजा केली' याऐवजी हे भांडण लिहायला सांगा.

आता एक व्यवहाराची गोष्ट. डबे आत न्यायचेच नाहीत. गाडीत माझ्याकडं ठेवायचे, म्हणजे जो चालक असेल त्याच्याकडं. आत फक्त पाण्याची बाटली, आणि तीही जितक्या नेल्या तितक्या मोजून परत. प्लास्टिकचं पाकीट वाऱ्यानं उडालं की ते हरणाच्या पोटात जातं. आणि पहाटे जा. साडेनऊ-दहाला ऊन चढलं की जनावरं सावलीला बसतात, मग कितीही गप्प राहा, काही उपयोग नाही. गेट किती वाजता उघडतं आणि मोठ्या गटाला परवानगी कशी लागते, ते आठवडाभर आधी वनविभागाच्या कार्यालयात फोन करून विचारून ठेवा. गेटवर पोचल्यावर विचारायची ही गोष्ट नाही.

दुपारी आमराई.

हा क्रम मी मुद्दाम सांगतोय. आधी गप्प, मग गोंधळ. एका शाळेनं उलटं केलं होतं. सकाळी आमराईत पोरं अशी काही उधळली की दुपारी सागरेश्वरच्या वाटेवर त्यांना आवरायला ब्रह्मदेव आला असता तरी जमलं नसतं. शिवाय सकाळभर आवाज दाबून धरलेल्या पोरांना आमराईत मोकळं सोडल्यावर जो काही गलका होतो, तो ऐकण्यासारखा असतो. चालायला येणारे आजोबा लोक कुरकुर करतील. करू द्या. बाग त्यांचीही आहे आणि पोरांचीही.

आमराई पटवर्धन संस्थानिकांच्या काळातली. म्हणजे तीही माणसांनीच लावलेली, हे मुलांना आवर्जून सांगा. नाहीतर ती म्हणतील, सागरेश्वर म्हणजे खरं आणि आमराई म्हणजे खोटं. तसं नाही. दोन्हीकडं खड्डे माणसांनीच खणले, पाणी माणसांनीच घातलं. एक लावली माणसाला सावलीत बसता यावं म्हणून, दुसरं लावलं जनावराला राहता यावं म्हणून. आमराईत मूल घरच्यासारखं वागतं आणि सागरेश्वरात पाहुण्यासारखं वागावं लागतं. एकाच दिवसात दोन्ही वागणुका करून बघितल्या की त्यातला फरक पोरांना पायानं कळतो, सांगावा लागत नाही.

आमराईत काय करायचं, असा प्रश्न तुम्हाला पडेल, कारण तिथं 'दाखवण्यासारखं' काही नाही असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. निवृत्त झाल्यावर नातीला घेऊन रोज जायला लागलो, तेव्हा तिनं मला शिकवलं. जुन्या झाडाला मिठी मारायला किती पोरं लागतात, ते हात धरून मोजायचं. एका झाडाला ती आणि तिच्या मैत्रिणी मिळून पाच जणी पुरल्या नाहीत, सहावा मी लागलो. कोरा कागद खोडाला लावून वरून पेन्सिल आडवी घासायची. आंब्याची साल वेगळी उमटते, चिंचेची वेगळी. दहा कागद झाले की घरी जाऊन ओळखायचं, कुठला कुठल्या झाडाचा. ती बरोबर ओळखते, मी चुकतो. पाठीवर झोपून वर बघायचं, पानांतून आभाळ किती तुकड्यांत दिसतं ते. आणि लगोरी, आट्यापाट्या, डोंगर का पाणी. झाडांची नावं विचारायला माळ्याला गाठा, लेखी माहितीपत्रक शोधत बसू नका. माळी लोकांना कुणी काही विचारत नाही. विचारलं की ते इतकं सांगतात की आवरावं लागतं.

इथं डबे उघडायचे. इथं भडंग आणायचं, तेही घरून, डब्यात भरलेलं. सकाळी सागरेश्वरात एक दाणाही खाली न पाडलेली पोरं इथं भडंग सांडतात आणि मुंग्यांची रांग बघत बसतात. तोही कार्यक्रमच.

आमराईतलं आणखी एक. तिथं पोरांना अर्धा तास काहीही न सांगता सोडा. फाटकावर एक शिक्षक उभा करा आणि बाकीच्यांनी सरळ बसून चहा प्या. सहलीत पोरांना 'आता काय करू' हा प्रश्न स्वतःचा स्वतः सोडवायची वेळच येत नाही. सारखं 'चला, चला, रांगेत चला'. मी पंचवीस वर्षं ऐकलंय ते.

माझ्या तरुणपणी सांगलीत तिसऱ्या प्रकारची बागही होती. प्रतापसिंह उद्यानात तेव्हा सिंह होते. रात्री मुक्कामाला स्टँडवर गाडीत झोपलो असताना डरकाळी ऐकली आहे. नवीन असताना पहिल्यांदा ऐकली तेव्हा दार लावून घेतलं होतं. तेव्हा शाळा तिथं सहली आणायच्या, आणि पोरं पिंजऱ्यासमोर उभी राहून सिंहाला हाका मारायची. सिंह बघायचा नाही. आता तिथं सिंह नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण पिंजऱ्यापुढं ओरडणारी ती पोरं आणि पाणवठ्यापुढं सात मिनिटं उभी राहिलेली ही पोरं, दोन्ही मी बघितलीत. वयं तीच होती.

चांदोलीबद्दल थोडक्यात. ते मोठ्या वर्गांसाठी ठेवा. सागरेश्वरच्या जवळजवळ तीसपट, ३१७ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान आहे, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. पावसाळ्यात बंद असतं. दोन गाड्या भरून पोरं नेण्याची ती जागा नव्हे. दहा-पंधरा मुलं, निसर्ग मंडळातली, वनविभागाला आधी कळवून. गवा दिसला नाही म्हणून रुसणार नाहीत, अशीच मुलं निवडा.

आता तुमच्या अडचणी. पालक म्हणतात, एवढ्या जवळ कसली सहल? एकदा सागरेश्वरला जाताना मी गाडीत विचारलं होतं, इथं याआधी कोण कोण आलंय? तीन हात वर झाले. महाबळेश्वर कोणी बघितलंय? निम्मी गाडी. पालकसभेत हाच प्रश्न पालकांनाच विचारा, आणि हात मोजा. दुसरं म्हणजे पैसे. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा करार आणि आठशे किलोमीटरचा करार यातला फरक मी सांगायला नको. रात्रीचा मुक्काम नाही, बाहेरचं जेवण नाही. जी पोरं दरवर्षी 'घरी काम आहे' म्हणून सहलीला येत नाहीत, त्यांचं घरचं काम काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यातली चार तरी या वेळी येतील. जत किंवा शिराळ्याच्या शाळांना अंतर वाढेल, त्यांनी आमराई सोडून आपल्या गावाजवळची बाग घ्यावी. नाव आमराईच असलं पाहिजे असं काही नाही, मोठी झाडं आणि ओरडायची मुभा असली की बास.

आणि एक शेवटची सूचना, ही चालकाची आहे, गुरुजींनी ऐकावीच. तुमची सहल नेमकी गळीत हंगामात निघते. पहाटे कृष्णाकाठच्या रस्त्याला धुकं असतं, आणि त्या धुक्यात उसानं भरलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात, कित्येकांना मागं लाल दिवा नसतो. चालकाला 'जरा घाई करा, गेट उघडायच्या आत पोचायचंय' म्हणू नका. अर्धा तास लवकर निघा. गाडीतला स्पीकर निदान पलूसपर्यंत बंद ठेवा. पुढं बसलेल्या एका शिक्षकानं झोपू नये, चालकाशी काहीतरी बोलत राहावं. हरणांचं बोललात तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
सांगली